अंडं थांबवा, बाकी ताट चालू राहू द्या

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. लहानपणापासून अंडं तोंडात घ्यायचाच नाही. बालवाडी सुरू होताना अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी भुर्जी भरवली, तर पंधरा-वीस मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले आणि उलटी झाली. काही दिवसांनी ऑम्लेटच्या एका घासाने पुन्हा तेच. बालरोगतज्ज्ञांनी अंड्याची अ‍ॅलर्जी सांगून अंडं बंद केलं. मग नातेवाइकांच्या आग्रहाने रक्ताची एक मोठी तपासणी झाली. तिच्यात अंड्याबरोबर शेंगदाणे आणि हरभरा यांच्यापुढेही अधिकची खूण आली, म्हणून तीन आठवडे घरात तेही बंद. आता पोरगा सकाळी चहात बिस्किटं बुडवून खातो आणि साडेआठला बालवाडीत जातो. त्यांना विचारायचंय की अंड्याऐवजी नाश्त्याला काय द्यावं, सासूबाई म्हणतात तसं गावरान अंडं थोडं थोडं देऊन सवय होते का, वाढदिवसाला केक कापायचा की नाही, आणि सात महिन्यांच्या धाकटीलाही अंड्यापासून दूर ठेवायचं का.

ताई, नाश्त्याचं सगळं सांगते, पण आधी त्या रिपोर्टाबद्दल बोलू. तुमच्या मुलाच्या पोषणाचं सगळ्यात मोठं नुकसान आत्ता अंडं बंद झाल्यामुळे होत नाहीये. ते शेंगदाणे आणि हरभरा बंद केल्यामुळे होतंय.

रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत एखाद्या पदार्थापुढे अधिकची खूण येणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. तो खाल्ल्यावर त्रास होतोच, असा तिचा अर्थ नाही. कितीतरी मुलांच्या रिपोर्टात खूण असते आणि ती मुलं तो पदार्थ रोज मजेत खात असतात. निदान ठरतं ते खाल्ल्यावर काय झालं यावरून, आणि चाचणी त्या हकिकतीला दुजोरा देते. अंड्याच्या बाबतीत तुमच्याकडे हकिकतही आहे आणि चाचणीही, त्यामुळे ते निदान पक्कं. शेंगदाण्याचं काय? तुम्हीच लिहिलंय की पोह्यांत, चटणीत, लाडवात तो वर्षभर शेंगदाणे खात होता आणि कधी काही झालं नाही. बेसनाचंही तसंच. मग कागदावरच्या खुणेसाठी हे दोन्ही ताटातून काढायचं कारण नव्हतं. आणखी एक धोका आहे. जो पदार्थ शरीराला चालत होता तो बरेच महिने पूर्ण तोडला, तर काही मुलांमध्ये पुन्हा सुरू करताना खरोखरच त्रास उद्‌भवतो. म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, हा आधीचा सगळा खाण्याचा इतिहास सांगा आणि दोन्ही पदार्थ परत कसे सुरू करायचे ते विचारा. तीन आठवड्यांचाच खंड आहे, त्यामुळे बहुधा ते लगेच परवानगी देतील. पण होकार त्यांचाच हवा, कारण तुमच्या मुलाला त्यांनी तपासलंय, मी नाही. पुढे मी जे शेंगदाण्याचं आणि हरभऱ्याचं (बेसन, डाळं, सातू) लिहिणार आहे ते त्यांच्या होकारानंतरचं समजा. तोवर मूग, दूध, दही, ज्वारी आहेच.

मी इतकी आग्रहाने सांगतेय कारण सोलापूरच्या घरातून शेंगदाणा आणि डाळीचं पीठ काढलं की स्वयंपाकघरात उरतं काय? चटणी गेली, धपाटं गेलं, पिठलं गेलं, कूट गेलं. मग आई बिस्किटाच्या पुड्याकडेच वळणार.

आता अंड्याचा हिशेब. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शिवाय बी-१२, कोलीन, थोडं डी जीवनसत्त्व. चांगलं अन्न आहे, पण त्यात असं काहीही नाही जे दुसरीकडून मिळत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १२ ते १३ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ ग्रॅम, असं भारतीय आहारशास्त्राचं सध्याचं प्रमाण सांगतं. तेवढीच ६ ग्रॅम प्रथिनं २५ ग्रॅम कोरड्या मूगडाळीत असतात, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीने मोजली तर जेमतेम पाव वाटी न शिजवलेली डाळ. २५ ग्रॅम शेंगदाण्यांत असतात. पेलाभर, म्हणजे २०० मिली गाईच्या दुधात किंवा तेवढ्याच दह्यात असतात. ३०-३५ ग्रॅम पनीरमध्ये असतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही. सकाळच्या ताटलीत डाळ, शेंगदाणे आणि दूधदुभतं यांपैकी कोणतेही दोन असले की अंड्याची जागा भरून निघाली, एवढं धरून चाला. बी-१२ दुधा-दह्यातून येतं. आणि घरात चिकन, मासे खात असाल तर ते मुलालाही चालतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना कोंबडीचं मांस बाधत नाही.

तुमच्याकडे सकाळी वेळ कमी आहे, म्हणून आदल्या रात्री अर्धं काम होईल अशा पदार्थापासून सुरुवात करते. सालीची मूगडाळ किंवा अख्खे हिरवे मूग पाव वाटी धुऊन रात्री भिजत टाका. सकाळी पाणी निथळून आल्याचा छोटा तुकडा, चिमूटभर जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालून वाटा. पाणी अगदी बेताचं. डावेतून पीठ जाडसर धारेने पडलं पाहिजे. थेंब थेंब गळायला लागलं तर पातळ झालं, मग चमचाभर तांदळाची पिठी घाला. लोखंडी तवा मध्यम तापवून त्यावर पाण्याचा हबका मारा, फडक्याने पुसा आणि लगेच पीठ पसरा. तवा फार तापलेला असला की मुगाचं पीठ डावेलाच गोळा होऊन येतं आणि धिरडं पसरत नाही. बहुतेक जणी इथेच कंटाळून सोडून देतात. वर किसलेलं गाजर किंवा पनीर दाबा, कडेने तेल सोडा आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. मूग कच्चा राहिला तर लहान मुलाचं पोट फुगतं, म्हणून झाकण चुकवू नका. कडा आपणहून सुटायला लागल्या की उलटा. पाव वाटी मुगाची तळहाताएवढी दोन-तीन धिरडी होतात. दोन त्याने खाल्ली तरी खूप झालं. शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही तेलुगू शेजारणीला विचारा, पेसरट्टूची, म्हणजे मुगाच्या डोशाची, तिची स्वतःची एक खुबी असेल आणि ती ती आनंदाने दाखवेल.

उन्हाळ्यात वाटलेलं पीठ ओट्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये तासाभरात वास येतो. डाळ फ्रिजमध्येच भिजवा.

बेसनाचं टोमॅटो घातलेलं धिरडं तर तुम्हाला येतच असेल. फक्त एक विनंती आहे. त्याला घरात ऑम्लेट म्हणू नका. साडेतीन वर्षांचं मूल बालवाडीत जाऊन सांगतं, मी घरी ऑम्लेट खातो, आणि मग शेजारचा मित्र आपल्या डब्यातला तुकडा त्याला प्रेमाने देतो.

आता शेंगदाणे. सोलापूरची चटणी मोठ्या माणसाच्या जिभेसाठी आहे, तिखट मुलाला सोसणार नाही. त्याच्यासाठी वेगळी करा. वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर, घाई न करता, आतपर्यंत खमंग भाजा. मोठ्या आचेवर साल काळी पडते आणि दाणा आतून कच्चा राहतो. गार झाल्यावर चोळून साल पाखडून टाका. खवट, सुरकुतलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेका, त्यात तडजोड करू नका. मग दोन पाकळ्या लसूण, जिरं, मीठ आणि रंगापुरती बेडगी मिरची घालून खलबत्त्यात कुटा. तेल सुटून चटणी खलाच्या कडेला चिकटायला लागली आणि चिमटीत दाबल्यावर तिचा गोळा झाला की थांबा. मिक्सर वापरत असाल तर सलग फिरवू नका, थांबत थांबत फिरवा. मुलाला कोरडी चटणी देऊ नका. ती घशात उडते आणि ठसका लागतो. चमचाभर दह्यात किंवा तुपात कालवून भाकरीला लावून द्या. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळं पाच वर्षांपर्यंत नकोत. ही अ‍ॅलर्जीची नाही, घशात अडकण्याची भीती आहे. पोह्यांत आणि उप्पिटातही दाण्यांचं भरड कूटच घाला.

भाकरीविषयी लोकांचा समज झालाय की ती दुपारची. सकाळी नाश्त्याला भाकरी दिली की आईला अपराधी वाटतं, आणि पाव-बिस्किट दिलं की वाटत नाही. हे उलटं आहे. आपल्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि आपल्याच मुलांच्या सकाळच्या ताटात ती नसावी? रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून गरम दुधात पाच मिनिटं भिजू द्या, हवा तर थोडा गूळ. किंवा कुस्कऱ्यावर पातळ गरम वरण आणि तूप. किंवा मोहरी-हिंगाची फोडणी देऊन ताकात. कडक भाकरीचा तुकडा मोडून दुधात किंवा आमटीत मऊ करून दिला तर पोरं हौसेने खातात, कारण मोडायचा आवाज त्यांना आवडतो. नुसता कडक तुकडा मात्र हातात देऊ नका. ज्वारीत एक प्रथिनघटक कमी असतो आणि तो डाळीत, दुधात भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर वरण, पिठलं किंवा दही हवंच. नुसती शेंगा चटणी आणि भाकरी एवढंच दिलं तर ती उणीव पुरती भरत नाही. चटणी दह्यात कालवायला सांगितलं त्यामागे हेही कारण आहे.

धपाट्यांना मी नाश्त्यात वरचा नंबर देते. ज्वारीचं पीठ, त्याच्या निम्मं बेसन, मूठभर कणीक, बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर, तीळ, हळद, आणि पाण्याऐवजी दही घालून मळा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका. हे रात्री करून ठेवलं तरी सकाळी मऊ असतं, डब्यातही जातं, आणि एका हातात धरून मूल घरभर फिरत खाऊ शकतं. या वयात तेही महत्त्वाचं असतं.

इडली-डोशाचं पीठ उरलं असेल तर आप्पे करा. अक्कलकोटकडची माणसं पड्डू म्हणतात ते. त्या पिठात भिजवलेली मूगडाळ वाटून घातली की डाळीचं प्रमाण वाढतं. लहान हातात मावणारा पदार्थ मुलं स्वतःहून उचलतात, हे अनेक घरांत पाहिलंय.

पोहे, उप्पीट, चुरमुऱ्यांचा सुशीला हे तिन्ही चालतात, पण एकटे नकोत. त्यांत प्रथिनं कमी. पोह्यांवर कूट आणि लिंबू, उप्पिटात मटार आणि सोबत दूध, सुशील्यावर डाळ्याचं पीठ भुरभुरवा. पोह्यांवरचं लिंबू चवीपुरतं समजू नका, त्यातल्या सी जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा याच्या नेमका उलट काम करतो, लोह शोषू देत नाही, आणि दोन घोटांनी भूकही मारतो. म्हणून चहा पूर्ण बंद करा. पहिले चार-पाच दिवस रडेल. कपातच हवं असेल तर त्याच कपात कोमट दूध द्या, वाटल्यास वेलची घालून, पण चहा नको.

सकाळी उठल्या उठल्या जेवत नाही असंही तुम्ही लिहिलंय. मग नाश्त्याचे दोन भाग करा. उठल्यावर सातूचं पीठ दूध-गुळात कालवून अर्धी वाटी. गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचं भाजून दळलेलं हे पीठ महिनाभर टिकतं आणि कालवायला मिनिटभर लागतं. बालवाडीच्या मधल्या सुट्टीत धपाटं किंवा आप्पे. आठवड्यातून एखाद्या दिवशी गव्हाची हुग्गी दुधात सैल करून, गूळ कमी घालून द्यायलाही हरकत नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे, हे तुम्हीही जाणता. पण गावरान असो, पोल्ट्रीचं असो, बदकाचं असो की लावरीचं, अ‍ॅलर्जी घडवणारी प्रथिनं सगळ्यांत जवळपास तीच असतात. पांढरं काढून फक्त पिवळं देणंही सुरक्षित नाही. घरी कितीही हलक्या हाताने वेगळं केलं तरी पांढऱ्याचा अंश राहतोच. आणि थोडं थोडं देऊन सवय लावणं हा खरोखरच एक वैद्यकीय उपचार आहे, पण तो मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, त्रास झाल्यास औषध तयार ठेवून करतात. स्वयंपाकघरात चमच्याने नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. सुनेच्या तोंडून ऐकणं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं यात फरक पडतो, आणि त्यांना बाजूला ठेवलंय असंही वाटत नाही.

केकचं उत्तर जरा वेगळं आहे. तुम्ही ओघात लिहिलंय की चुलतभावाच्या वाढदिवसाला तो अंड्याचा केक खाऊन मजेत होता. ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा, तिला फार मोल आहे. अंड्यातली काही प्रथिनं पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजली की त्यांची ठेवण बदलते, आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी साधारण सात मुलांना असं भाजलेलं अंडं चालतं. तुमचा मुलगा त्यांत असू शकतो. तसं असेल तर डॉक्टर केकच्या रूपातलं अंडं चालू ठेवायलाही सांगतील. पण तो केक नेमका किती खाल्ला, त्यात अंडं खरंच होतं का, हे आपल्याला नक्की माहीत नाही, म्हणून घरी प्रयोग करू नका. भुर्जी, ऑम्लेट, उकडलेलं अंडं, फ्रेंच टोस्ट यांत अंडं तेवढं भाजलं जात नाही, त्यामुळे केक चालला म्हणून हे चालेल असं कधीही धरू नका.

डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत वाढदिवसाला घरी रव्याचा केक करा. वाटीभर बारीक रवा, वाटीभर दही, पाऊण वाटी साखर आणि पाव वाटी तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. मग लागेल तसं दूध, वेलची आणि शेवटी अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोडा घातला की दह्याच्या आंबटपणामुळे फेस येतो. तो जिरायच्या आत भांडं गरम कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर चढवा. अंड्याचं फुलवायचं काम इथे दही आणि सोडा करतात. पाऊण तासाने सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला.

बाहेरचं खाणं हे खरं जोखमीचं ठिकाण. पाकीटबंद वस्तूंचं तुलनेने सोपं आहे. आपल्या देशात अंडं असलेला पदार्थ मांसाहारी धरला जातो, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर घटकांत अंडं नसतं. शिवाय अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या प्रमुख पदार्थांची नावं छापणं बंधनकारक आहे आणि त्यांत अंडं येतं. तरीही हिरवा ठिपका तुम्हाला हे सांगत नाही की त्याच यंत्रावर आधी अंड्याचं बिस्किट झालं होतं का. ‘अंश असू शकतो’ अशा अर्थाची ओळ शोधा, आणि नेहमीचं पाकीटही दर वेळी वाचा, कारण कृती बदलते. बेकरीतला सुटा माल मात्र बिनचिठ्ठीचा. बनपावावरची चकाकी अनेकदा अंड्याच्या पुसाऱ्याची असते. नानकटाई आणि खारीत सहसा अंडं नसतं, पण काही ठिकाणी घालतात, आणि ट्रे, ब्रश, भट्टी एकच. म्हणून एका बेकरीवाल्याशी नीट बोलून ठेवा, आणि त्याला ‘अंडं घालता का’ एवढंच विचारू नका. ‘वरून काय लावता’ हेही विचारा. सँडविचमधलं मेयोनीज, गाड्यावरचे नूडल्स आणि फ्राइड राइस, भुर्जीच्याच तव्यावर भाजलेला पाव हे सगळं टाळा. गड्ड्याच्या यात्रेला जाल तेव्हा घरून पोट भरून न्या, आणि पिशवीत त्याचा खाऊ असू द्या. पाळण्यात बसायची मजा खाण्याशिवायही होते.

घरात बाकीच्यांनी अंडं खाऊ नये असं मी म्हणणार नाही. तवा, उलथनं आणि ओटा साबण लावून धुवा, खाणाऱ्याने हात-तोंड धुऊन मगच मुलाला घ्या, आणि कच्चं अंडं त्याच्या आसपास फोडू नका. बांगडी किंवा अंगठीखाली अंशभर राहू शकतं, ते भांडी धुताना लक्षात ठेवा.

बालवाडीच्या बाईंना तोंडी सांगून भागणार नाही. एका कागदावर मुलाचा फोटो, ‘अंडं आणि अंड्याचे पदार्थ देऊ नयेत’, काय त्रास होतो आणि कोणाला फोन करायचा, एवढं लिहून द्या. आणि डॉक्टरांकडून त्रास झाल्यावर काय करायचं ते लेखी घ्या. नुसत्या चार गांधी उठल्या तर त्यांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं सिरप पुरतं. पण श्वास लागला, घरघर झाली, आवाज बसला, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं तर ती गंभीर अवस्था आहे. तिच्यावर औषध एकच, मांडीत बाहेरच्या बाजूला दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. सिरपची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं जे रुग्णालय असेल तिथे न्या. मुलाला आडवं ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवा, पण उभं करून चालवू नका. हळद-दूध, लिंबूपाणी काहीही पाजू नका. आपोआप टोचणारं अ‍ॅड्रेनालिनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून तुमच्या मुलासाठी काय सोय करता येईल हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तुमच्या मुलाला ओठांची सूज आणि उलटी दोन्ही झाल्यात, त्यामुळे हा प्रश्न लांबणीवर टाकू नका.

लसीचं तुम्ही विचारलं नाही, पण अनेक घरांत भीती असते म्हणून सांगते. गोवर-रुबेलाची लस अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना नेहमीसारखीच देतात, धाकटीची तर चुकवूच नका. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. फ्लूची लसही देता येते. वेगळा विचार करावा लागतो तो पीतज्वराच्या लसीचा, आणि ती आपल्याकडे काही देशांत प्रवासाला जातानाच लागते.

धाकटीला अंडं आणि शेंगदाणे केवळ भावाला अ‍ॅलर्जी आहे म्हणून लांब ठेवू नका. उशिरा दिल्याने अ‍ॅलर्जी टळते हा जुना समज होता, आता पुरावा उलट दिशेने आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ नियमित सुरू केले, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं. तिची कातडी साफ असेल, इसब नसेल, तर पूर्ण शिजवलेलं अंडं अगदी थोडं, सकाळच्या वेळी, ती ठणठणीत असताना सुरू करता येतं. इसब असेल तर आधी डॉक्टर. शेंगदाण्याचं कूट पेजेत पातळ करून द्यायचं, दाणा नाही. फक्त तिचं अंडं मोठ्याच्या हाताला लागणार नाही अशा वेळी आणि वेगळ्या वाटीत भरवा. तो बालवाडीत असतानाची वेळ सगळ्यात सोयीची.

दर महिन्याला त्याचं वजन घेऊन लिहून ठेवा, आणि बाहेर काही खाऊन त्रास झालाच तर काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, हे त्याच वहीत टिपा. अंड्याची अ‍ॅलर्जी बरीच मुलं शाळेच्या वयात मागे टाकतात, म्हणून वर्षाने पुन्हा तपासणी करून रुग्णालयात देखरेखीखाली अंडं खाऊन बघायची वेळ आली का, हे डॉक्टर ठरवतील. तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेवा.

उद्यापुरतं बघायचं तर रात्री पाव वाटी मूग भिजत टाका, आणि डॉक्टरांची वेळ घ्या.